गावात तपासणीचा कॅम्प झाला, पण त्याच्या पुढं काय?

सातारा-सांगलीकडचा कुठलाही पेपर उघडा, महिन्यातून दोन-तीनदा तरी एक फोटो दिसतोच, सरपंच, डॉक्टर, मागं बॅनर, पुढं खुर्चीवर बीपी मोजून घेणाऱ्या आजी, आणि खाली ओळ की शिबिरात इतक्या इतक्या ग्रामस्थांची तपासणी करण्यात आली. मला त्या बातमीत नसलेले आकडे हवे असतात. त्यातल्या कितीजणांना पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली, चिठ्ठीवाले किती मोठ्या दवाखान्यात पोचले, आणि सहा महिन्यांनी कितीजणांची गोळी चालू आहे. स्क्रीनिंगनं जीव वाचतो का नाही ते ह्यावर ठरतं, आणि ह्यातलं बरंचसं मशीनच्या हातात नसतं, ते घर, मजुरी, एसटी, सासू, नवरा, भीती आणि गावातली कुजबुज ह्यांच्या हातात असतं. त्याबद्दलच लिहितोय, जरा लांब होईल पण वाचा.

आधी स्क्रीनिंग म्हणजे नेमकं काय ते सांगतो कारण गोंधळ इथंच होतो. तुम्हाला त्रास होतोय म्हणून तुम्ही दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरनी रक्त तपासलं, ते स्क्रीनिंग नव्हे. ज्याला काहीच होत नाहीये, जो उसाला पाणी पाजतोय, जी भाकरी थापतेय, अशा माणसाला आरोग्य खातं स्वतःहून बोलावतं आणि म्हणतं या, तपासू, कारण काही आजार आतल्या आत वाढतात आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बीपी, शुगर, तोंडाचा कॅन्सर, स्तनाचा कॅन्सर, गर्भाशयाच्या मुखाचा म्हणजे आपल्याकडं ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात तो, हे त्यातले नेहमीचे. आता बघा, दुखणं घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर जमेल तेवढी मदत करतो. इथं मात्र आपण धडधाकट माणसाच्या दारात जाऊन त्याच्या डोक्यात शंका घालतोय, त्यामुळं जबाबदारी कितीतरी वाढते.

ही जबाबदारी काय असते ते १९६८ सालीच लिहून ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन नावाचे ब्रिटिश डॉक्टर आणि स्वीडनचे युंगनर यांनी दहा कसोट्या काढल्या, एखाद्या आजाराचं स्क्रीनिंग करावं का नाही ते ठरवायला. त्या आजही वापरतात. मला त्यात सगळ्यात पटतं ते हे की दहापैकी मोजक्याच कसोट्या टेस्टबद्दल आहेत. बाकी सगळं टेस्टच्या आजूबाजूचं, आजार सापडला तर त्यावर उपचार आहे का, तो द्यायची सोय आहे का, रुग्ण कुणाला म्हणायचं ते ठरलंय का, लोकांना ती तपासणी करून घेणं मान्य आहे का, खर्च झेपणार का. आणि शेवटची कसोटी अशी की हे काम कायम चालू राहिलं पाहिजे, एकदा करून मोकळं व्हायचं नाही. एका दिवसाचं शिबीर ह्या कसोटीवर जागीच नापास होतं.

आपल्याकडं नियम कागदावर चांगला आहे. २०१६ साली केंद्रानं ठरवलं की ३० वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर वर्षातून एकदा बघायची, आणि तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर ५ वर्षांतून एकदा. आशाताई घरोघरी जाऊन सी-बॅक नावाचा फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, चालणं-फिरणं, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, ह्याचे गुण असतात, ४ च्या वर गुण गेले तर त्या माणसाला आधी बोलवायचं. केंद्राच्या नियमात एका फॉर्ममागं आशाताईला १० रुपये. मग पुढची तपासणी उपकेंद्रात, ज्यावर आता आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी आहे, तिथं सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आणि नर्सबाई करतात. शिवाय मोहिमा असतात, २०२२ च्या नवरात्रात महाराष्ट्रात माता सुरक्षित तर घर सुरक्षित झाली, २०२५ मधे देशभर स्वस्थ नारी सशक्त परिवार झाली.

आणि तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं की गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालीय का, तेव्हा देशात १.९ टक्के बायका हो म्हणाल्या. शंभरात दोन पण नाहीत. स्तनाची तपासणी झालेल्या तर एक टक्क्याच्याही आत. आणि ह्याच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सव्वा लाखावर नवीन रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू. त्यानंतर मोहिमा झाल्यात, काम वाढलंय, पण सुरुवात किती खालून आहे ते बघा.

आमच्या वहिनी जत तालुक्यात आशा म्हणून काम करतात, त्यांच्याकडून मला कळलं की अडचण पहिल्या प्रश्नापासूनच सुरू होते. फॉर्मवर तंबाखूचा प्रश्न आहे. तंबाखू खाता का असं विचारलं की बाया ठामपणे नाही म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात, त्यांच्या हिशोबात तंबाखू खातो तो नवरा, त्या फक्त सकाळी मशेरी लावतात. आता मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, तोंडाच्या कॅन्सरला ती पण कारण. म्हणून वहिनी फॉर्म बाजूला ठेवून चुलीपाशी बसतात आणि विचारतात दात कशानं घासता, दिवसातून किती वेळा. पहिल्यांदा दोनदा म्हणालेली बाई चहा होईपर्यंत चार-पाच वेळावर येते. मग तिचे गुण बदलतात आणि ती आधी बोलवायच्या यादीत येते. दारूचा प्रश्न सासऱ्यासमोर विचारायचा नाही हे पण त्या शिकल्या. कमरेच्या घेराचं तर बोलूच नका, गावातल्या सुनेनं भावकीतल्या चुलत सासऱ्याच्या कमरेला टेप लावायची हे कुणी मुंबई-दिल्लीत बसून ठरवलं असेल. त्या टेप नातवाच्या हातात देतात आणि आकडा वाचून घेतात. आणि जतच्या पूर्वेकडं तर घरात कानडी बोलतात, फॉर्म मराठी, म्हाताऱ्या बाईला प्रश्न कळतच नाही, मग शेजारची पोरगी मधे बसून सांगते, आणि शेजारच्या पोरीसमोर कोण पांढरं जातंय ते सांगणार.

हे सगळं बारीक वाटतं पण १० रुपयांच्या फॉर्ममधे जी माहिती भरली जाते त्यावर पुढचं सगळं उभं आहे.

"बायका येतच नाहीत हो" हे वाक्य मी आरोग्य खात्यातल्या चांगल्या माणसांच्या तोंडून पण ऐकलंय. मला ते मान्य नाही. सोलापूरच्या पलीकडचा, तेव्हाच्या उस्मानाबादचा आणि आताच्या धाराशिवचा अनुभव बघा. तिथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा एक मोठा अभ्यास झाला, काम बघत होतं बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियल वगैरे संस्था, निष्कर्ष २००९ साली आले. ज्यांना तपासणीला बोलावलं त्यातल्या साधारण ८० टक्के बायका आल्या. दुष्काळी भाग, शिक्षण कमी, आणि तपासणी कुठली तर खालून करायची, तरी आल्या. कारण घरोघर बायकांनीच जाऊन समजावलं होतं, तपासणी गावाजवळ होती आणि काही निघालं तर पुढचा उपचार फुकट होता, तो कुठं मिळणार ते पण ठरलेलं होतं. आणि निकाल असा की फक्त एकदा एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळं हा कॅन्सर होतो त्याची, टेस्ट केलेल्या गटात आठ वर्षांत ह्या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांमधे टाटानं दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या साधारण निम्म्या जणींसाठी त्याहून स्वस्त पद्धत वापरली, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून बघायच्या, म्हणजे साधारण व्हिनेगरच, जिथं खराबी असेल तिथं मिनिटभरात पांढरा डाग दिसतो. त्यात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे उपाय आपल्याच राज्यात सिद्ध झालाय, परदेशातून काही आणायचं नाही.

मग आपल्या गावात बाई का येत नाही. तिच्या जागी बसून बघा. कॅम्प सकाळी अकराला, तेव्हा ती तासगावच्या कुठल्या तरी बागेत द्राक्षाच्या कामावर असते, दिवस बुडाला तर मजुरी गेली आणि मुकादमीण पुढच्या वेळी दुसरीला बोलावते. तपासणारा पुरुष डॉक्टर असेल तर विषयच संपला. पाळी चालू असेल तर परत जा म्हणतात, परत जायचं म्हणजे परत घरात सांगायचं कशासाठी जातेय. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिनं आजवर कॅन्सर झालेली जी माणसं बघितलीत ती सगळी उशिरा सापडलेली, शेवटच्या स्टेजला, जमीन विकून, कर्ज काढून, आणि तरी गेलेली. तिच्या डोळ्यांसमोर लवकर सापडून बरी झालेली एकपण बाई नाही, कारण जी बरी झाली ती गप्प बसते. मग ती म्हणते, "कशाला उकरून काढायचं? हाय ते बरं हाय." ह्याला आपण अडाणीपणा म्हणतो, मला तो तिच्या अनुभवातून निघालेला सरळ हिशोब वाटतो. तो हिशोब पोस्टर लावून बदलणार नाही, बरी झालेली बाई तिच्या शेजारी बसून बोलली तर बदलेल.

आणि पुरुषांचं कुणी बोलतच नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे पण मावा आणि तंबाखू-चुना काही थांबलेला नाही, तोंडात पांढरा चट्टा, तोंड कमी उघडायला लागणं, तिखट लागलं की जळजळ, ही सगळी लक्षणं घेऊन माणसं वर्षानुवर्षं फिरतात. तोंडाची तपासणी सगळ्यात सोपी आहे, आ करायचं, बॅटरी मारायची, बस. पण आपले कॅम्प बहुतेक दिवसा, बायकांसाठी, अंगणवाडीत किंवा शाळेत, तिथं गडी येत नाही. त्याला गाठायचं तर संध्याकाळी दूध डेअरीवर नाहीतर पारावर जावं लागेल.

आता एक गणित सांगतो, हे कळलं की निम्मी भीती कमी होईल. समजा १००० बायकांची तपासणी केली आणि त्यातल्या १० जणींना खरोखर आजार आहे. टेस्ट चांगली आहे, दहातल्या ९ जणींचा आजार पकडते. पण आजार नसलेल्या ९९० जणींपैकीसुद्धा शंभरात ९ जणींना ती चुकून संशय दाखवते, म्हणजे साधारण ८९ जणी. एकूण चिठ्ठी किती जणींना, ९८. त्यात खरा आजार किती जणींना, ९. म्हणजे ज्यांना चिठ्ठी मिळाली त्यातल्या दहातल्या नऊ जणी ठणठणीत आहेत. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, प्रत्येक टेस्टचे वेगळे असतात, पण आजार कमी लोकांत असला की हिशोब असाच लागतो. आपल्याकडं बेदाणा जाळीतून काढतात तेव्हा बाजूला पडलेला सगळा माल कुणी फेकून देत नाही, बायका तो हातानं परत निवडतात, तसंच आहे हे. स्क्रीनिंग फक्त बाजूला काढतं, निवडणं पुढं होतं, तुकडा काढून तपासतात त्या बायोप्सीत, सोनोग्राफीत, दुसऱ्यांदा बीपी बघण्यात.

पण हे त्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं. तिला सांगतात "संशयित आहे, मिरजेला जाऊन दाखवा." आणि चिठ्ठी घेऊन ती घरी येते तेव्हा तिच्या डोक्यात कॅन्सर झालेला असतो. पुढचे तीन आठवडे त्या घरात काय होतं ते कुठल्याच रजिस्टरमधे येत नाही, नवरा गप्प होतो, सासू देवऋषाकडं जाते, थोरली पोरगी शाळा सोडून स्वयंपाकाला लागते, आणि कधी कधी इतकी भीती बसते की ती चिठ्ठी फडताळात कागदाखाली जाते आणि बाई मिरजेला जातच नाही. म्हणून चिठ्ठी देताना बोललेली दोन वाक्यं टेस्टइतकीच महत्त्वाची आहेत. "एकदा नीट बघून घेऊ, बहुतेकजणींचं काही निघत नाही, पण निघालंच तर आत्ता लवकर आहे" एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतो.

ही भीती नीट हाताळली नाही तर तिचा धंदा होतो हे आपण बघितलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या जात होत्या ते २०१९ साली सगळ्या राज्यासमोर आलं, सरकारनं समिती नेमली, पाहणी झाली, ८२ हजारांवर बायकांमधे १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, कित्येकजणी चाळिशीच्या आतल्या. पोट दुखतंय, पांढरं जातंय म्हणून गेलेल्या बायकांना पुढं कॅन्सर होईल अशी भीती घातली जायची अशा तक्रारी होत्या. ह्यातल्या किती जणींचं गर्भाशयमुख त्याआधी एकदा तरी नीट तपासलं होतं? जिथं साधी, फुकटची, विश्वासाची तपासणी नसते तिथं ऑपरेशन हाच पहिला सल्ला होतो.

एचपीव्ही टेस्ट आता हळूहळू येईल, जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तोच आहे, आणि त्यात बाई स्वतःच नमुना घेऊ शकते त्यामुळं लाजेचा प्रश्न बराच सुटेल. पण एक नवीन प्रश्न येईल. एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि नवऱ्यानं मोबाईलवर वाचलं की कसा पसरतो, की त्या घरात काय होईल विचार करा. म्हणून हे आधीच सगळ्यांना माहीत पाहिजे की हा विषाणू बहुतेक सगळ्या माणसांना कधी ना कधी होतो, बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि तो शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळं आज सापडला म्हणजे कुणी आज काही केलं असा अर्थ होतच नाही. हे टेस्ट करायच्या आधी नवरा-बायको दोघांना सांगायला हवं, नंतर सांगून उपयोग नाही.

जास्त तपासणी म्हणजे जास्त चांगलं असं पण नाही हो. सातारा-कराडात सगळीकडं फुल बॉडी चेकअपचे बोर्ड लागलेत म्हणून हे सांगावंसं वाटतं. दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली, त्याबरोबर थोडे पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी पण लोक करून घ्यायला लागले. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं, आणि त्यानं होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे सापडलेल्या बहुतेक गाठी अशा होत्या ज्या माणसाला आयुष्यभर काहीच करणार नव्हत्या, पण एकदा सापडल्यावर हजारो लोकांचे थायरॉइड काढले आणि ते जन्मभर गोळीवर गेले. ब्रिटनमधे २०१२ साली मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचा, हिशोब मांडला तेव्हा असं निघालं की पन्नाशीपासून २० वर्षं बोलावलेल्या १० हजार बायकांत ४३ जीव वाचतात, आणि १२९ जणींना अशा कॅन्सरचा उपचार होतो जो त्यांना कधीच त्रास देणार नव्हता. मी मॅमोग्राफी करू नका म्हणत नाहीये, पण हे दोन्ही आकडे समोर ठेवून बाईनं ठरवलं पाहिजे. सरकारी यादीत मोजकेच आजार का आहेत त्याचं कारण हेच आहे.

बीपीचं मात्र मी डोळे झाकून सांगेन, मोजा. इथं साताऱ्याचा अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता, भंडारा, सिंधुदुर्ग आणि वर्ध्याबरोबर. त्यात भारी मशीन काहीच नव्हतं, ठरलेल्या मोजक्या गोळ्या, सगळीकडं त्याच, घराजवळच्या केंद्रात महिन्याच्या हिशोबानं मिळणार, आणि जो आला नाही त्याला फोन करायचा किंवा घरी जायचं. ह्या कार्यक्रमाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. बीपीच्या माणसाला काहीच दुखत नाही ना, मग तो म्हणतो मी बरा आहे, गोळी कशाला, एकदा लागली की कायमची लागते. इथं पाठपुरावा करणारी नर्सबाई औषधाइतकंच काम करते.

ज्युलियन ट्युडर हार्ट नावाचे एक डॉक्टर होते, वेल्समधल्या ग्लिनकॉरग ह्या कोळसा खाणीच्या गावात राहून काम करायचे. त्यांनी १९७१ साली लिहिलं की चांगली आरोग्य सेवा जिथं गरज जास्त तिथं कमी पोचते आणि गरज कमी तिथं जास्त. आपल्या कॅम्पला कोण येतं बघा, रिटायर्ड मास्तर, पतसंस्थेचे चेअरमन, ज्यांचं बीपी आधीच तीन ठिकाणी मोजून झालंय. हार्टनी काय केलं तर गावातला माणूस कशासाठीही दवाखान्यात आला, खोकला असो नाहीतर पोराला घेऊन आलेला असो, त्याचं बीपी मोजायचं, आणि जे कधीच येत नाहीत त्यांची यादी करून त्यांच्या मागं लागायचं. सगळं गाव मोजून काढलं. कॅम्पची गर्दी बघून खूश होण्यापेक्षा न आलेल्यांची यादी बघणं, मला वाटतं स्क्रीनिंगचं निम्मं काम हेच आहे.

गुप्ततेबद्दल थोडं. आपल्याकडं शाळेच्या व्हरांड्यात तपासणी आणि माईकवरून नाव, "शुगरवाले ह्या बाजूला बसा." शुगरचं ठीक आहे एकवेळ, पण टीबीचा संशय, कुष्ठरोगाचा चट्टा, स्तनातली गाठ हे असं चारचौघांत कळलं की पोरीच्या स्थळापर्यंत जातं. ग्रीसमधल्या ऑर्खोमेनोस नावाच्या गावात १९७० च्या सुमारास सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली, जे वाहक निघाले, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी पोरांना तो गुण देऊ शकणारे, ते गावात ओळखले जायला लागले, लग्नात आडवं यायला लागलं, मग लोकांनी लपवायला सुरुवात केली आणि सगळी मोहीम वाया गेली. उलट सायप्रसमधे थॅलेसेमिया ह्या तशाच रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी चर्चनं लग्नाआधी दाखला मागायला सुरुवात केली, पण त्या दाखल्यावर फक्त तपासणी झाली एवढंच असायचं, निकाल काय ते त्या दोघांनाच माहीत. तिथं आजारी बाळं जन्मायचं जवळपास थांबलं. एक मोठा फरक हा की पाहुण्यांच्या हातात निकाल गेला नाही. आपल्या उपकेंद्रात निदान एक पडदा, एक बंद दार आणि रिपोर्ट हळू आवाजात सांगायची सवय एवढं तर बिनपैशात होतं.

पैशाचं पण बोललं पाहिजे. महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, चांगली गोष्ट आहे, पण ती कामाला येते बहुतेक निदान झाल्यावर. त्याच्या आधी उमदी-संखच्या बाजूच्या बाईला मिरज गाठायचं म्हणजे पहाटेची एसटी, अख्खा दिवस, बरोबर एक माणूस, दोघांची मजुरी बुडणार, आणि तिथं गेल्यावर आज डॉक्टर नाहीत परवा या. दोन हेलपाट्यांत माणूस खचतो. गावाच्या आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समितीला वर्षाला १० हजारांपर्यंत खुला निधी येतो. त्यातून चिठ्ठी मिळालेल्या सहा-सात बायांची एकच गाडी करून एकाच दिवशी पाठवली, आधी फोन करून डॉक्टर आहेत का विचारलं आणि बरोबर आशाताई गेली, तर त्या पोचतात. एकटी असली की बाई बुजते, सात जणी असल्या की तीच बाई केसपेपरच्या खिडकीवर भांडते.

शेवटी अशा माणसांबद्दल जी कुणाच्याच यादीत नाहीत. आपला भाग स्थलांतराचा आहे. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले म्हणजे सोनं-चांदी गाळणारे देशभर पसरलेत, पाटण-जावळीची माणसं माथाडीत मुंबईला, त्यांचं नाव गावच्या सर्व्हेत, माणूस तिकडं. ही सगळी गावच्या यात्रेला हमखास येतात, तीन-चार दिवस गावात असतात, मोकळी असतात, तर पुरुषांचं बीपी, शुगर आणि तोंड बघायला यात्रेसारखा दिवस नाही. त्यांचं निदान घरदार तरी आहे. पण हिवाळ्यात बीडकडून आपल्या कारखान्यांवर ज्या ऊसतोड टोळ्या येतात त्यांचं काय, त्या बायका ऑक्टोबर-नोव्हेंबरात घर सोडतात, मार्च-एप्रिलपर्यंत आपल्या फडात आणि कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत असतात, तिकडची आशाताई घराला कुलूप म्हणून लिहिते आणि इकडची आशाताई म्हणते ह्या माझ्या लोकसंख्येत नाहीत. वय तीसच्या पुढं, लवकर झालेली लग्नं, पाळीतसुद्धा मोळ्या उचलणं, ज्यांना तपासणी सगळ्यात आधी मिळायला पाहिजे त्या ह्याच. मुकादम, कारखान्याचा शेती विभाग आणि जवळच्या आरोग्य केंद्राच्या सिस्टर, हे तिघं हंगामाच्या पहिल्याच महिन्यात एकदा एकत्र बसले तर तपासणीचा दिवस टोळीच्या सुट्टीला धरून ठरवता येतो, मजुरी बुडत नाही. आणि तपासणीचा कागद त्या बाईकडंच द्यायचा, त्याचा फोटो तिच्या नाहीतर पोराच्या मोबाईलमधे काढून द्यायचा, कारण उपचार मधे असतानाच पट्टा पडणार म्हणजे हंगाम संपणार, ट्रॅक्टर भरणार, आणि पुढची गोळी तिला तिकडच्या आशाताईकडून घ्यायची आहे.